छाटणीच्या दिवसांतले डोळे

छाटणी सुरू झाली की माझं डोकं फिरतं. दसरा होतो, पाऊस एकदाचा काढता पाय घेतो, ऑक्टोबरचं ऊन पाठीला चटके द्यायला लागतं आणि दिंडोरी रोडने पिकअप गाड्या धावायला लागतात. मागच्या हौद्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या बाया, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल, कमरेला खोचलेल्या कात्र्या. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या टोळ्या. शहरातली माणसं गाडीच्या काचा खाली करून म्हणतात, वा, द्राक्षांचे दिवस आले! मला त्या हौद्यात फक्त डोळे दिसतात. पंधरा बाया म्हणजे तीस डोळे. आणि यातला एखादा दिवाळीच्या आत आमच्याकडे येणार, हे मला ठाऊक असतं. येताना तो बाईसकट येतो. जाताना बाई एकटी जाते.

मी कृत्रिम डोळे बनवते. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात, मागच्या अंगाला, जनरेटरच्या खोलीशेजारी माझी लॅब आहे. तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा हंगाम शेतकऱ्याच्या हंगामाला बांधला गेलाय. द्राक्षाची वेल तारांवर चढवलेली असते. काडी कापली की ताणलेली काडी सुटते आणि सपकन तोंडावर बसते. कधी काडी असते, कधी तुटलेल्या तारेचं टोक. बाई वर बघत असते, कारण वर बघितल्याशिवाय छाटणी होत नाही. एक साधा प्लॅस्टिकचा चष्मा डोळ्यांवर असला तर काही म्हणता काही होत नाही. पण तो चष्मा कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. पुढे हिवाळा सरता सरता त्याच बागेत घडांना ऊन लागून डाग पडू नये म्हणून एकेक घड कागदात गुंडाळतात. हो, एकेक. मी स्वतः बघितलंय. घडाला कागद आहे, डोळ्याला काही नाही. हे मी कुठल्याही लग्नाकार्यात बोलून दाखवते आणि मग जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

तर छाटणी आली की मला आठवतं ते सात वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी आमच्याकडे मशीन आलं, हिरा आली आणि अण्णांना शाल मिळाली.

अण्णा म्हणजे वसंतअण्णा. कुंभारवाड्यातले मूर्तिकार. गणपती घडवणारे हात गावात पुष्कळ होते, पण आखणीला सगळे अण्णांना बोलवायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी करतात. सोंड, मुकुट, पितांबर, सगळं रंगवून झालं की मग अण्णा यायचे, हात धुवायचे, लुंगीला पुसायचे आणि कुणाशी न बोलता एकामागून एक मूर्तींना डोळे देत सुटायचे. गणपती झाले की देवी. देवी झाल्या की अण्णा रिकामे. आणि बरोबर तेव्हाच आमच्याकडे छाटणीचे डोळे यायला लागायचे. देवांचा हंगाम संपला की माणसांचा सुरू. हा योग कुणी जुळवला माहीत नाही, पण बारा वर्षं तो चुकला नाही.

त्यांना मीच आणलं होतं. तोवर आम्ही मुंबईहून तयार डोळे मागवायचो. तीन मापं, चार रंग. त्यातला त्यातल्या त्यात बरा तो बसवून द्यायचा. बाई आरशात बघायची आणि आरसा पालथा ठेवायची. एकदा मी आमच्या गल्लीतल्या मंडपात अण्णांना आखणी करताना पाहिलं आणि मनात आलं, हा माणूस शाडूला जिवंत करतो, मग आमच्या प्लॅस्टिकला का नाही?

पहिला डोळा त्यांनी काढला तो गणपतीचाच. लांबट, पाणीदार, पांढराशुभ्र, बाहुली थोडी खाली झुकलेली, भक्ताकडे कृपेने बघणारी. देवळ्याकडची एक मुलगी होती, तिला बसवला. तिच्या आईने बघितलं आणि नकळत हात जोडले. मुलगी रडायला लागली. अण्णा खजील होऊन कोपऱ्यात उभे. मग म्हणाले, "चुकलं माझं. देव सगळ्यांकडे बघतो. माणूस एका वेळी एकाकडंच बघतो." ते वाक्य बोलून त्यांनी तो डोळा खिशात घातला. पुढचे पंधरा दिवस ते ओपीडीच्या बाकावर बसून नुसते माणसांचे डोळे बघत राहिले. वॉचमनला संशय आला आणि त्याने मला येऊन सांगितलं, बाई, एक म्हातारा सगळ्यांना टक लावून बघतोय.

त्या पंधरा दिवसांत ते काय शिकले, ते मला कुठल्याच कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. शेतातल्या माणसाचा पिवळट, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशात काम करणाऱ्याचा राखाडी लाल, तान्ह्या पोराचा निळसर. त्यात शिरा असतात. त्या रंगवल्या तर खोट्या दिसतात. म्हणून अण्णा येवल्याच्या एका पैठणीवाल्याकडून लाल रेशमाचा धागा आणायचे, तो उकलून उकलून केसाहून बारीक करायचे आणि चिमट्याने डोळ्यावर ठेवायचे. वरून मी पारदर्शक थर चढवायचे. पैठणीचं रेशीम पेठच्या बाईच्या डोळ्यात. कोण म्हणतं पैठणी फक्त शालूच्या कपाटात असते?

आणि त्यांचा तो प्रश्न. ब्रश हातात घेण्याआधी ते पेशंटला व्हरांड्यात बसवायचे, समोर स्वतः बसायचे, आणि विचारायचे, "तुझा दिवसातला जास्त वेळ कुठं जातो?" सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा गप्पिष्ट आहे. मग कळलं. उन्हात बाहुली मिटते, राईएवढी होते. अंधारात फुलते, वाटाण्याएवढी होते. जिवंत डोळा दिवसभर लहान-मोठा होत राहतो. आपण बनवलेला डोळा मात्र एकदा जसा काढला तसा जन्मभर राहतो. मग तो कुठल्या उजेडाचा काढायचा? जो माणूस दिवसभर रानात, त्याला उन्हातली बाहुली. जो घरात, दुकानात, चुलीपाशी, त्याला सावलीतली. दोन डोळे सारखे दिसायचे तर ते त्या माणसाच्या उजेडात सारखे दिसले पाहिजेत, डॉक्टरच्या उजेडात नव्हे. अण्णांची शाळा चौथीत सुटलेली. एवढी गोष्ट त्यांनी बाकावर बसून शोधून काढली होती.

मी हे सगळं बारा वर्षं शेजारी बसून बघितलं. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

सात वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात मशीन आलं. चांगलं होतं मशीन, उगाच खोटं कशाला बोलू? पेशंटने हनुवटी टेकवायची, समोर गोल दिवा लागतो, चांगल्या डोळ्याचा फोटो निघतो, त्यातल्या प्रत्येक रेषेसकट. तो छापायचा, डोळ्यात बसवायचा. अण्णांना दोन दिवस लागायचे, याला दहा मिनिटं. उद्घाटनाला मांडव घातला, समई पेटवली, समई वाऱ्याने विझली, पुन्हा पेटवली. मग पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, आज इथे कला, वैद्यक आणि तंत्रज्ञान यांचा त्रिवेणी संगम होतो आहे. टाळ्या. आम्ही गोदाकाठचे लोक, आम्हाला संगम म्हटलं की गहिवर येतो. संगमाला तीन प्रवाह लागतात आणि यातला एक त्याच दुपारी बंद करायचा ठरलाय, हे मला आणि ट्रस्टींना माहीत होतं. अण्णांना नव्हतं.

त्यांना स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. "यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल." अण्णा खूश झाले. शाल पांघरूनच खाली आले आणि मला म्हणाले, "सुमनबाई, कधी नव्हे ते शाल. आता सोमवारी लवकर येतो, ते वडाळ्याच्या पोराचं काम राहिलंय." मी म्हटलं, अण्णा, सोमवारी यायचं नाही. आता लागणार नाही. आपल्याकडे माणसाला घालवायचं झालं की नारळ देतात असं नुसतं म्हणतात, इथे खरोखरच दिला होता. मी तेव्हा तोंड उघडलं का? नाही. मी मांडवातल्या खुर्च्या मोजायला गेले. खुर्च्या मोजणं माझं काम नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात हिरा आली.

पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची. वीस-एकवीस वर्षांची. घरची भातशेती, नागली, वरई. भात कापून झालं की डोंगरात काम नाही, म्हणून टोळीबरोबर छाटणीला उतरली होती. तिसऱ्याच दिवशी तारेचं टोक डाव्या डोळ्यात. मुकादमाने थंड पाण्याने डोळा धुतला, रुमाल बांधला आणि संध्याकाळपर्यंत काम करून घेतलं. आमच्याकडे आली तोवर वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळा काढला. जखम भरून निघाली की मग काम माझं.

ती जेव्हा माप द्यायला आली तेव्हा रंगाबद्दल, दिसण्याबद्दल, लोक काय म्हणतील याबद्दल एक शब्द बोलली नाही. दीड वर्षाची मुलगी होती तिला, तुळसा. मांडीवर नव्हती, आजीच्या कडेवर होती, दाराबाहेर. हिरा म्हणाली, "ताई, पट्टी बांधल्यापासून पोर माझेकडं येत नाय. दूध तोडलं तिनं. मला बघितलं का वरडते. तेवढं ती माझेकडं येईल असं करा." एवढंच मागणं. जगात याहून लहान मागणं मी ऐकलेलं नाही.

मशीनवर आमच्याकडे नवीन मुलगी होती, प्रणिता. हुशार, तरतरीत, पुण्याहून शिकून आलेली. तिने हिराची हनुवटी टेकवली, गोल दिवा लावला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी डोळा तयार. मी बसवला. लॅबमध्ये दोन ट्यूबलाइट, खिडकीतून ऊन. काय सांगू तुम्हाला, तंतोतंत! डावा कुठला आणि उजवा कुठला, मलाच कळेना. फोटोग्राफर बोलावला. तुळसाला आत आणलं. पोर दोन क्षण बघत राहिली आणि मग हात पसरून आईकडे झेपावली. हिरा रडली, आजी रडली, ट्रस्टींनी रुमाल काढला. पुढच्या आठवड्यात तो फोटो पेपरात छापून आला. मी तो कापून ठेवला. अजून आहे माझ्याकडे, फाडायला हात धजत नाही आणि बघवतही नाही.

पंधरा दिवसांनी हिरा परत आली. एकटी. डोळा काढून रुमालात बांधून आणलेला.

"ताई, घरात येत नाय पोर."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"हितं आली ना, तशी बाहेर अंगणात येते. घरात गेलं का वरडते. आजीच्या मागं लपते. मी घरात डोळा काढून ठेवते, तरी वरडते. घालते, तरी वरडते. काय करू?"

आम्ही तिला पुन्हा गोल दिव्यासमोर बसवलं. पुन्हा डोळा घातला. डॉक्टरांनी बघितलं, प्रणिताने बघितलं, मी बघितलं. दोन्ही डोळे जुळे भाऊ. डॉक्टर म्हणाले, अगदी परफेक्ट आहे, लहान मुलांना वेळ लागतो. प्रणिताने स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. आणि मी, तेव्हा तेवीस वर्षं हे काम केलेली, अण्णांच्या शेजारी बारा वर्षं बसलेली, मी हिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, तंतोतंत आहे. तुझ्या मनात भीती बसलीय." तिने माझ्याकडे बघितलं. एका खऱ्या डोळ्याने आणि एका छापलेल्या. पेठच्या बसला वेळ होता, तरी स्टँडवर जाऊन बसते म्हणाली.

ती गेली आणि लाइट गेली. नेहमीसारखीच. जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. मी लॅबमध्ये अर्धवट काळोखात बसले होते, समोर बेसिनवरचा आरसा. आरशात माझे डोळे. बाहुल्या एवढाल्या काळ्या.

हिराच्या घरात खिडकी नसणार, पाड्यावरच्या घरांना नसतेच. हे तिने सांगितलं नव्हतं, पण आम्ही विचारलं कुठे होतं? कुडाचं घर, एक दार, चुलीचा धूर. त्या उजेडात तिचा उजवा डोळा फुलून काळाभोर होत असणार, आणि डावा तसाच, राईएवढा, गोल दिव्याच्या लख्ख उजेडात टिपलेला, लेकरावर वटारलेला. पोर घाबरत नव्हती. पोर बरोबर बघत होती. चुकत होतो आम्ही तीन शिकलेली माणसं.

मी तशीच कुंभारवाड्यात गेले. अण्णा संक्रांतीच्या सुगडांवर गेरू फिरवत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते मशीनला शिव्या देतील आणि मला बरं वाटेल. त्यांनी हातातलं सुगड खाली ठेवलं. बारा वर्षांत मला कधी अरेतुरे केलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, "मशीनवर कशाला रागावू मी? मशीनला तोंड नाही, ते विचारणार कसं? तुला तोंड होतं ना? तुझी दातखीळ बसली होती का?" शेजारपाजारचे बघायला लागले. अण्णांचा आवाज चढला, "शाल घेऊन जा ती. थंडीत कुत्र्याला घाल."

मी उभी राहिले, ऐकून घेतलं. मग ते आत गेले, रंगांची पेटी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पेठची गाडी किती वाजता आहे?"

तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. घाट चढून गेलं की हवा बदलते, नाशिकचं ऊन मागे राहतं. खळ्यावर भाताचा पेंढा, दारापुढे वाळत घातलेली नागली, त्यावर राखणीला बसलेली म्हातारी. हिराच्या घरात आम्ही वाकून शिरलो. भर दुपारी आत एवढा काळोख की दोन मिनिटं काही दिसेना. मग हळूहळू भांडी दिसली, पाटा दिसला, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली लग्नातली चित्रं दिसली. अण्णा ती चित्रं बघत उभे राहिले. "कुणी काढली?" हिरा म्हणाली, "मी." अण्णा म्हणाले, "मग तुला सगळं कळतं. बस."

दारातून जेवढा उजेड आत येत होता तेवढ्यात त्यांनी तिला बसवलं, स्वतः समोर मांडी घातली. प्रश्न विचारायची गरज नव्हती, तरी सवयीने विचारला. "तुझा दिवसातला जास्त वेळ कुठं जातो?"

"घरात. हिच्यापाशी," हिरा म्हणाली. "आता बागंत नाय जायची. मेले तरी नाय."

अण्णा दोन तास काढत होते. नखाएवढी चकती, त्यावर एका केसाचा ब्रश. तुळसा आजीच्या पदराआडून बघत होती. पहिल्यांदा लांबून, मग जरा जवळून. अण्णांनी तिला काही चुचकारलं नाही की गोळी दिली नाही. शेवटचा काळा ठिपका ठेवताना मात्र म्हणाले, "बघ गं." कुणाला म्हणाले कोण जाणे, चकतीला की पोरीला. गणपतीलाही ते आखणी झाल्यावर असंच म्हणायचे.

रविवारी मी कुणालाही न विचारता लॅब उघडली आणि तो डोळा घडवला. पुढच्या शनिवारी स्वतः जाऊन बसवून आले. बाहेर उन्हात बघितलं तर थोडा विजोड दिसत होता, एक बाहुली लहान, एक मोठी. पेपरात छापण्यासारखा अजिबात नव्हता. घरात शिरल्यावर हिरा चुलीपाशी बसली. तुळसा दारात उभी. कितीतरी वेळ उभी. मग भांड्यांना धरून धरून आली आणि आईच्या मांडीवर पाठ करून बसली, जणू काही झालंच नव्हतं. हिराने हात लावला नाही तिला. श्वास रोखून बसून राहिली, हललं तर पोर उठेल म्हणून.

अण्णा गेल्या वर्षी आषाढात गेले. ऐन हंगामात, अर्ध्या मूर्तींची आखणी व्हायची होती. आमच्या रुग्णालयाने शोकसभा घेतली. तिथे पुन्हा कुणीतरी संगम म्हणालं. मी उठून बाहेर आले. बारा वर्षांत त्यांच्या हाताखाली एक माणूस द्यावा असं कुणाला वाटलं नाही आणि मलाही मोठ्याने म्हणावंसं वाटलं नाही. आता त्यांची पेटी माझ्या कपाटात आहे. त्यात लाल रेशमाची अर्धी लडी आहे. मला आखणी येत नाही.

आणि या वर्षी, परवा, छाटणीच्या ऐन गर्दीत, हिरा दारात उभी. डोळा सैल झाला होता. सात वर्षांत चेहरा बदलतो, डोळा बदलावाच लागतो. बरोबर तुळसा. आठ वर्षांची, दोन वेण्या, तोंडात चिंच.

मी हिराला थेट प्रणिताकडे नेलं आणि आत्तापर्यंत कुणावर न काढलेला सगळा राग त्या मुलीवर काढला. म्हटलं, हेच ते तुझ्या परफेक्ट डोळ्याचं गिऱ्हाईक. अंधारात बघितलंस का कधी? घरी जाऊन बघितलंस? पोर घाबरायची आईला! प्रणिताने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "मॅडम, दिवा कमी करता येतो. त्याला बटण आहे. मोठी बाहुली पाहिजे तर मोठी टिपता येते. मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सात वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत आहात."

सात वर्षं. भिंत सहा इंचांची. अण्णांनी कुंभारवाड्यात जे म्हटलं तेच ही पोरगी जी-मॅडम लावून म्हणत होती. बटण होतं! त्या मशीनवर मी सात वर्षं दात-ओठ खात होते, आणि त्याला बटण होतं.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आधी एक प्रश्न विचारायचा असतो. आणि तिला तो सांगितला. प्रणिताने वहीत लिहून घेतला. मग हिराकडे वळून, अण्णांसारखी समोर बसून, तिने विचारलं, "ताई, तुमचा दिवसातला जास्त वेळ कुठे जातो?" तिचा हात बटणावर होता, दिवा मंद करायला.

"बागंत," हिरा म्हणाली.

मला वाटलं मी चुकून ऐकलं. "बागंत?"

"मंग? घरात बसून काय खायचं? तीन सालं झाली. आता मुकादम बी म्हणतो, हिराचा हात सगळ्यांत चलाख. सकाळपासून सांजेपत्तूर उन्हातच." मग अभिमानाने तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता ही पण येते सुट्टीचं. खाली पडलेल्या काड्या येचायला. तिला लय दिसतं बारीकसारीक."

प्रणिताने बटणावरचा हात काढून घेतला. भर उन्हाचा डोळा. आमचं मशीन जसा काढतं तस्साच. आता तोच बरोबर होता.

मी तुळसाकडे बघत होते. ती भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता बघत होती, चिंच चोखत. वर, तारांकडे बघतात तशी मान वर करून. चांगले टपोरे दोन डोळे.

उघड्या दारातून शेजारच्या खोलीतल्या टेबलावर पडलेला माझा चष्मा दिसत होता. घासायच्या मशीनवर बसताना मी घालते तो, जाड प्लॅस्टिकचा, मागे इलॅस्टिक असलेला. प्लॅस्टिकचा भुगा डोळ्यात जाऊ नये म्हणून. तीस वर्षं मी तो न चुकता घातला. तो घालून मी या बायांचे डोळे बनवत बसले. सात वर्षांपूर्वी हिराला आम्ही डोळा दिला, फोटो दिला, पिशवीत औषधं दिली. उरलेला एक डोळा सांभाळायला चष्मा घाल बाई, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, अण्णांनीसुद्धा सांगितलं नाही. तिघेही गेलेल्या डोळ्याकडेच बघत होतो.

मी तो चष्मा उचलून आणला आणि तुळसाला घातला. नाकावरून घसरून हनुवटीवर आला. इलॅस्टिकला गाठ मारली. पुन्हा घसरला. आणखी एक मारली. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, ह्याच्यातून नाय दिसत काय." खरंच नव्हतं दिसत. इतक्या वर्षांच्या भुग्याने काचेवर ओरखडेच ओरखडे. पदराने पुसून ते जाणार नव्हते.

"टोळीत किती जणी आहात?" मी विचारलं.

"सोळा. ही धरून सतरा."

"प्रणिता, मशीन बंद कर. मेनरोडला जाऊन येऊ."

"मॅडम, बाहेर पेशंट आहेत."

"बसू देत. सतरा चष्मे आणायचेत."

हिराने माझ्याकडे बघितलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा ती हसली, मोकळी, तोंडावर पदर न घेता.

"सोळा न् आर्धाच आणा, ताई," ती म्हणाली. "मला आर्धाच बास."

तुळसा हसली. प्रणिताला हसावं की नाही ते कळेना. मी खाली वाकून चपला शोधायला लागले.